ऑनलाइन हस्तकला दुकानाचे हेडर चित्र: आधी हिशेब, मग सजावट



आमच्या महाविद्यालयातील तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने आईने शिवलेल्या गोधड्या विकण्यासाठी एक छोटे ऑनलाइन दुकान उघडले. दुकानाच्या पानावर सर्वांत वर जी आडवी पट्टी असते, ती तिने स्वतः तयार केली. डावीकडे 'आईच्या हातची गोधडी' ही अक्षरे, उजवीकडे घडी घातलेल्या गोधडीचे छायाचित्र आणि मध्ये मोकळी जागा. लॅपटॉपवर पट्टी छान दिसत होती. संध्याकाळी आईने स्वतःच्या फोनवर दुकान उघडले तेव्हा तिथे फक्त 'हातची गोधडी' एवढेच दिसले. 'आईच्या' हा शब्द कापला गेला होता आणि गोधडीचे चित्रही जवळजवळ दिसतच नव्हते. जिच्या नावाने दुकान होते, नेमकी तीच पट्टीवरून गायब झाली होती.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, मला डिझाइन जमत नाही." मी तिची फाइल पाहिली. डिझाइन वाईट नव्हते, हिशेब करायचा राहिला होता. हा पाठ त्या हिशेबाविषयी आहे. त्यासाठी चित्रकला यावी लागत नाही. गुणाकार, भागाकार आणि थोडा संयम पुरेसा आहे.

या पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी जमायला हव्यात:
१. हेडर चित्र वेगवेगळ्या पडद्यांवर कुठे कापले जाईल हे गणिताने काढणे.
२. अक्षरांचा किमान आकार आणि रंगांतील फरक ठरवणे.
३. मोफत सॉफ्टवेअर वापरून चित्र तयार करणे आणि योग्य स्वरूपात जतन करणे.

१. हेडर चित्र म्हणजे काय?

दुकानाच्या दारावर जशी पाटी असते, तसे ऑनलाइन दुकानाचे हेडर चित्र. ग्राहकाला पहिल्या दोन क्षणांत दोन गोष्टी कळाव्यात एवढेच त्याचे काम: हे दुकान कोणाचे आणि इथे काय मिळते. किंमत, सवलत, पत्ता, घरपोच पाठवण्याच्या अटी या गोष्टी पानावर इतरत्र मजकूर म्हणून लिहिता येतात. त्या पाटीवर कोंबू नयेत. असे का, हे पुढे आकडेच सांगतील.

हस्तकलेच्या दुकानात ही पाटी स्वतः करण्याला एक वेगळे कारणही आहे. तयार साच्यांमधील चित्रे सगळीकडे सारखीच दिसतात. तुमची वस्तू मात्र कोणीतरी हाताने केलेली आहे. महाराष्ट्रातील गोधडी असो, बंगालची कांथा असो, बिहारची सुजनी असो की कर्नाटकातील सिद्दी समाजाची कवंदी असो, जुन्या कापडाचे थर एकत्र धरणारा धावदोरा प्रत्येक बाईच्या हाताचा निराळा असतो. त्या टाक्यांचे जवळून काढलेले एक चांगले छायाचित्र कोणत्याही तयार नक्षीपेक्षा अधिक काही सांगते.

२. एकच चित्र, अनेक चौकटी

आपण १६०० पिक्सेल रुंद आणि ४०० पिक्सेल उंच चित्र धरू. म्हणजे रुंदी व उंचीचे प्रमाण ४:१. तुमच्या संकेतस्थळाच्या मदत पानावर वेगळा आकार दिलेला असेल तर तो घ्या, रीत तीच राहील.

हे चित्र ज्या चौकटीत बसवले जाते तिचा आकार पडद्याप्रमाणे बदलतो. चित्र आणि चौकट यांचे प्रमाण जुळत नसेल तर संकेतस्थळ दोनपैकी एक मार्ग घेते.

पहिला मार्ग: पूर्ण चित्र लहान करून बसवणे. यात काहीच कापले जात नाही, पण अक्षरे बारीक होतात.

दुसरा मार्ग: चौकट पूर्ण भरेल इतके चित्र ठेवून बाहेर गेलेला भाग कापणे. यात अक्षरे मोठी राहतात, पण कडा जातात. कापणी साधारणपणे दोन्ही बाजूंनी सारखी होते, म्हणजे मधला भाग उरतो.

तुमचे संकेतस्थळ कोणता मार्ग घेते हे दरवेळी आपल्या हातात नसते. म्हणून दोन्ही मार्गांचा हिशेब करून दोन्हीकडे टिकेल असे चित्र करायचे.

३. सुरक्षित क्षेत्र काढणे

फोनसाठी: समजा फोनवरील चौकट ३६० रुंद आणि १८० उंच आहे. चौकट भरायची तर चित्राची ४०० उंची १८० वर आणावी लागेल.

मापन गुणक = १८० ÷ ४०० = ०.४५
लहान झालेल्या चित्राची रुंदी = १६०० × ०.४५ = ७२०

चौकट मात्र ३६० रुंद आहे. म्हणजे चित्राचा नेमका अर्धा भाग दिसेल. मूळ चित्रात मोजायचे तर ३६० ÷ ०.४५ = ८०० पिक्सेल. डावीकडचे ४०० आणि उजवीकडचे ४०० पिक्सेल कापले जातील.

आता त्या विद्यार्थिनीच्या चित्राकडे पाहा. तिची अक्षरे डाव्या कडेपासून १२० व्या पिक्सेलला सुरू होऊन ७६० व्या पिक्सेलला संपत होती. कापणीची रेषा ४०० वर आली आणि तिच्या डावीकडे असलेला 'आईच्या' हा शब्द गेला. उजवीकडचे छायाचित्र १२०० च्या पुढे होते, म्हणून तेही गेले. मध्ये ठेवलेली मोकळी जागा तेवढी शाबूत राहिली.

रुंद पडद्यासाठी: आता उलट बाजू तपासू. मोठ्या पडद्यावर चौकट १९२० रुंद आणि ३०० उंच असेल तर रुंदी भरावी लागेल.

मापन गुणक = १९२० ÷ १६०० = १.२
मोठ्या झालेल्या चित्राची उंची = ४०० × १.२ = ४८०

त्यातील ३०० दिसेल. मूळ चित्रात हे ३०० ÷ १.२ = २५० पिक्सेल झाले. म्हणजे वरून ७५ आणि खालून ७५ पिक्सेल जातील.

दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवा. १६०० × ४०० च्या चित्रात मधला ८०० × २५० पिक्सेलचा आयत या दोन्ही ठिकाणी दिसतो. हे आपले सुरक्षित क्षेत्र. नाव पूर्णपणे त्याच्या आत हवे. बाहेरच्या भागात असेच काही ठेवावे जे दिसले तर शोभा वाढेल आणि कापले गेले तर नुकसान होणार नाही.

४. अक्षरांचा आकार

आता पहिला मार्ग, म्हणजे पूर्ण चित्र लहान होण्याचा. १६०० रुंदीचे चित्र ३६० च्या फोनवर पूर्ण बसवले तर मापन गुणक ३६० ÷ १६०० = ०.२२५ येतो. चित्रातील ४० पिक्सेलचे अक्षर फोनवर ९ पिक्सेलचे होते. ते वाचायला डोळे बारीक करावे लागतात. फोनवर निदान १६ पिक्सेल हवे असे ठरवले, तर मूळ चित्रात १६ ÷ ०.२२५, म्हणजे सुमारे ७१ पिक्सेलचे अक्षर हवे.

देवनागरीसाठी हा आकडा आणखी थोडा वाढवावा. रोमन लिपीत मोठी अक्षरे मिळालेली बरीचशी उंची वापरतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात, खाली उकार आणि ऋकार असतात. त्यामुळे त्याच आकारात मुख्य अक्षराच्या वाट्याला कमी उंची येते. म्हणून आपण ९० पिक्सेल घेऊ. लहान झाल्यावर ते ९० × ०.२२५ = २० पिक्सेल राहते, आणि कापणीच्या मार्गात ९० × ०.४५ = ४० पिक्सेल. दोन्ही आकार वाचता येण्याजोगे आहेत.

नाव दोन ओळींत मांडले तर? ओळींतील अंतर अक्षराच्या १.३ पट धरले, तर प्रत्येक ओळीला ११७ आणि दोन ओळींना २३४ पिक्सेल उंची लागते. आपले सुरक्षित क्षेत्र २५० उंच आहे, म्हणजे दोन ओळी जेमतेम बसतात. तिसऱ्या ओळीला जागाच नाही. घोषवाक्य, फोन क्रमांक आणि 'खास सवलत' पाटीवर का कोंबू नये, याचे उत्तर इथे मिळते.

फॉन्ट निवडताना तीन गोष्टी पाहा. पहिली, तो युनिकोड असावा. दुसरी, त्याचा परवाना व्यावसायिक वापराला मुभा देणारा असावा. 'मुक्त' आणि 'नोटो सॅन्स देवनागरी' हे फॉन्ट ओपन फॉन्ट परवान्याखाली मोफत मिळतात. तिसरी, मराठी मजकूर असेल तर 'ल' आणि 'श' यांची वळणे तपासा, कारण मराठी आणि हिंदी छपाईत ती वेगळी असतात. 'टिरो देवनागरी मराठी' या फॉन्टमध्ये मराठी वळणे दिलेली आहेत. तमिळ, बांग्ला, कन्नड किंवा दुसऱ्या कोणत्याही लिपीत नाव लिहिणाऱ्यांनीही आपल्या लिपीत वर-खाली किती जागा लागते हे आधी मोजावे.

५. रंग: आवड आणि वाचनीयता

रंग निवडताना 'छान दिसतो' एवढे पुरत नाही. उन्हात, कमी उजेडाच्या पडद्यावर आणि वयस्कर डोळ्यांनाही नाव वाचता यायला हवे. यासाठी वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये एक गुणोत्तर दिलेले आहे.

फरक गुणोत्तर = (उजळ रंगाची तेजस्विता + ०.०५) ÷ (गडद रंगाची तेजस्विता + ०.०५)

साध्या मजकुरासाठी हे गुणोत्तर निदान ४.५ आणि मोठ्या अक्षरांसाठी निदान ३ असावे. तेजस्विता काढताना लाल, हिरवा आणि निळा या घटकांच्या किमती आधी ० ते १ च्या रेषीय मापात आणतात. मग त्यांना अनुक्रमे ०.२१२६, ०.७१५२ आणि ०.०७२२ ने गुणून बेरीज करतात. हिरव्याचा वाटा सर्वांत मोठा असतो, कारण आपला डोळा त्या भागातील प्रकाशाला अधिक संवेदनशील आहे.

एक उदाहरण घेऊ. हळदी पिवळा रंग (२५५, २०४, ०) घेतला तर त्याची तेजस्विता सुमारे ०.६४४ येते. पांढऱ्याची १ असते. गडद लाल (१२८, ०, ०) या रंगाची सुमारे ०.०४६ येते.

पिवळ्यावर पांढरी अक्षरे: १.०५ ÷ ०.६९४ = १.५
पिवळ्यावर गडद लाल अक्षरे: ०.६९४ ÷ ०.०९६ = ७.२

पहिली जोडी वापरण्याजोगी नाही, दुसरी आरामात चालते. हा हिशेब करून देणारी साधने इंटरनेटवर मोफत आहेत. घाईत असाल तर एक सोपी चाचणी करा: चित्र कृष्णधवल करून पाहा. अक्षरे पार्श्वभूमीत विरली तर रंग बदला.

अक्षरांखाली छायाचित्र ठेवल्यास हे गुणोत्तर जागोजागी बदलते. गोधडीच्या ठिगळांवर लिहिलेले नाव एका ठिगळावर उठून दिसते आणि पुढच्याच ठिगळावर बुडते. म्हणून नावाच्या मागे एकरंगी पट्टी ठेवावी.

६. प्रत्यक्ष कृती

इंकस्केप हे मोफत आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर या कामाला पुरेसे आहे. त्यात रेषा आणि अक्षरे पिक्सेलच्या ठिपक्यांऐवजी गणिती वक्रांच्या रूपात साठवली जातात. त्यामुळे ती कितीही मोठी केली तरी फाटत नाहीत.

१. नवीन फाइल उघडा. डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये एकक पिक्सेल निवडून रुंदी १६०० आणि उंची ४०० द्या.
२. मोजपट्टीवरून मार्गदर्शक रेषा ओढा. उभ्या रेषा ४०० आणि १२०० वर, आडव्या ७५ आणि ३२५ वर ठेवा. रेषेवर दोनदा क्लिक केले की नेमका आकडा भरता येतो. मधोमध दिसणारा आयत म्हणजे आपले सुरक्षित क्षेत्र.
३. संपूर्ण पानाएवढा एकरंगी आयत काढा.
४. छायाचित्र आयात करा. विचारले जाईल तेव्हा ते फाइलमध्येच अंतर्भूत करण्याचा पर्याय निवडा. नुसता दुवा ठेवला तर फोल्डर बदलताच चित्र हरवते. छायाचित्र डाव्या आणि उजव्या भागात ठेवा.
५. मध्यभागी नाव लिहा, आकार ९० पिक्सेल. नावाची एकूण रुंदी वरच्या पट्टीत दिसते. ती ८०० पेक्षा कमी, शक्यतो ७०० च्या आसपास असू द्या, म्हणजे दोन्ही कडांना श्वास घ्यायला जागा राहील.
६. मूळ फाइल एसव्हीजी स्वरूपात जतन करा. पुढे बदल करायचे झाल्यास हीच लागते. दुसऱ्या संगणकावर फॉन्ट नसेल अशी शंका असेल तर फाइलची वेगळी प्रत करून त्यात अक्षरांचे वक्रांत रूपांतर करा.
७. संपूर्ण पान १६०० पिक्सेल रुंदीत पीएनजी म्हणून निर्यात करा.

इथे विद्यार्थ्यांना एक प्रश्न हमखास पडतो: डीपीआय ७२ ठेवायचा की ३००? उत्तर असे, की पडद्यासाठी त्याने फरक पडत नाही. १६०० × ४०० पिक्सेलचे चित्र दोन्ही वेळी तेवढेच पिक्सेल दाखवते. डीपीआयचा संबंध छपाईत एका इंचात किती ठिपके बसवायचे याच्याशी आहे.

छायाचित्राविषयी दोन सूचना. गोधडी खिडकीजवळ, थेट ऊन न पडणाऱ्या उजेडात ठेवून फोटो काढा आणि खोलीतला पिवळा दिवा बंद ठेवा. दोन प्रकारचे प्रकाश मिसळले की रंग बदलतो, आणि 'फोटोत वेगळी दिसत होती' अशी ग्राहकाची तक्रार तिथूनच सुरू होते. फोनवरून संगणकावर फोटो पाठवताना मेसेजिंग ॲपमधून चित्र म्हणून पाठवू नका, कारण त्यात ते आकुंचित होते. केबल वापरा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

७. फाइलचे स्वरूप आणि वजन

दर पिक्सेलला तीन बाइट धरले तर आपले चित्र १६०० × ४०० × ३ = १९,२०,००० बाइटचे, म्हणजे सुमारे १.९ मेगाबाइटचे होते. सेकंदाला १ मेगाबिट वेगाच्या जोडणीवर एवढे उतरवायला १५ सेकंद लागतील. तोवर ग्राहक निघून जाईल. म्हणून संक्षेपन आवश्यक आहे.

पीएनजीमध्ये माहिती न गमावता संक्षेपन होते. एकरंगी पट्ट्या आणि अक्षरे असतील तर फाइल लहान होते आणि कडा स्वच्छ राहतात. छायाचित्र मोठे असेल तर मात्र फाइल जड राहते.

जेपीइजीमध्ये चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे तुकडे करून प्रत्येकातील बारीक तपशील काही प्रमाणात सोडून दिला जातो. छायाचित्रात हे डोळ्याला जाणवत नाही. अक्षरांच्या कडा मात्र म्हणजे बारीक तपशीलच. त्यामुळे अति संक्षेपन केले की अक्षरांभोवती धुरकट कण दिसू लागतात. रंगांची माहिती अनेकदा उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवली जाते, म्हणून लाल अक्षरांच्या कडा अधिक पुसट होऊ शकतात.

व्यवहारात असे करा: चित्रात मुख्यतः अक्षरे आणि सपाट रंग असतील तर पीएनजी. छायाचित्राचा भाग मोठा असेल तर पीएनजी फाइल गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून ८५ च्या आसपास गुणवत्ता ठेवून जेपीइजी करा. फाइल २०० किलोबाइटच्या आत आली तर वरच्याच जोडणीवर ती दीड-दोन सेकंदांत उतरेल. जतन केल्यावर अक्षरांच्या कडा मोठ्या करून तपासा.

८. जे दुसऱ्याचे आहे ते

इंटरनेटवर सापडलेले चित्र उचलून पाटीवर लावू नये. प्रताधिकार कायदा, १९५७ चित्रे आणि छायाचित्रे यांनाही लागू आहे. तसेच पैठणी किंवा वारली चित्रकला यांसारख्या भौगोलिक मानांकन मिळालेल्या कलांची नावे त्या परंपरेबाहेरच्या मालासाठी वापरू नयेत. हाताने केलेली वस्तू विकणाऱ्याने दुसऱ्या कारागिराच्या हाताचाही मान राखला पाहिजे.

आणखी एक गोष्ट. चित्रातील अक्षरे ही संगणकाच्या दृष्टीने केवळ ठिपके असतात. दृष्टिहीन व्यक्ती वापरतात ते पडदावाचक सॉफ्टवेअर ती सहसा वाचत नाही. म्हणून चित्रासाठी पर्यायी मजकूर भरा आणि दुकानाचे नाव पानावर साध्या अक्षरांतही लिहा.

सारांश

हेडर चित्राची चौकट आपल्या ताब्यात नसते, पण मधले सुरक्षित क्षेत्र आपण मोजू शकतो. १६०० × ४०० च्या चित्रात, आपण घेतलेल्या चौकटींसाठी, ते ८०० × २५० आले. त्यात सुमारे ९० पिक्सेलच्या दोन ओळी बसतात. म्हणून पाटीवर नाव, बाजूला वस्तूची झलक आणि बाकी सर्व पानावर.

त्या विद्यार्थिनीने त्याच फाइलमध्ये तासाभरात बदल केले. वरच्या ओळीत 'आईच्या हातची', खालच्या ओळीत 'गोधडी', मागे हळदी पट्टी आणि दोन्ही कडांना धावदोऱ्याचे जवळून काढलेले छायाचित्र. लॅपटॉपवर सगळे दिसते. फोनवर टाके बरेचसे कापले जातात, नाव पूर्ण दिसते. तिने हे चित्र आधी लॅपटॉपवर न तपासता आईच्या फोनवर तपासले. तुम्हीही तसेच करा. ग्राहकांपैकी अनेकांच्या हाती तसाच फोन असणार आहे.

स्वाध्याय

१. १२०० × ३०० पिक्सेलचे चित्र ३९० × १९५ च्या चौकटीत कापून बसवले जाते. मूळ चित्राची मधली किती रुंदी दिसेल? (उत्तर: ६०० पिक्सेल)
२. गडद लाल (१२८, ०, ०) पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांचे फरक गुणोत्तर काढा. (उत्तर: सुमारे १०.९)
३. तुमच्या गावातील किंवा घरातील एखाद्या हस्तकलेसाठी हेडर चित्र तयार करा. ते किमान दोन वेगवेगळ्या फोनवर आणि एका संगणकावर पाहा. प्रत्येक ठिकाणी काय कापले गेले याची नोंद करा.
४. ज्यांनी ती वस्तू केली आहे त्यांना चित्र दाखवा आणि त्यांनी सर्वप्रथम काय वाचले ते लिहून ठेवा.